लाकडाला विटाळ नसतो

हमरस्त्याला दर दोन-तीन किलोमीटरवर हल्ली एक पाटी दिसते. 'चुलीवरचं मटण.' 'चुलीवरची भाकरी.' कुठं कुठं तर 'चुलीवरचा चहा'. शहरातली मंडळी गाडी थांबवून उतरतात, धुराचा वास नाकात भरून घेतात, आजीची आठवण काढतात, फोटो काढतात. काढू द्या. मला त्यांच्या आजीशी भांडण नाही. मला एवढंच विचारायचंय, त्या चुलीतलं लाकूड कुणी फोडलं? पाटीवर कोंबडा रंगवलेला असतो, फेटा बांधलेला मालक रंगवलेला असतो. कुऱ्हाडवाला रंगवलेला मी अजून बघितला नाही.

मी लाकूडफोड्याच्या घरातला. ही बढाई नाही आणि लाज तर मुळीच नाही. माणदेशात आमचं गाव. आज्जा महार वतनदार. 'वतनदार' शब्दाला हसू नका, सरकारी कागदावर तसंच होतं. त्या वतनात काय काय यायचं ते या अंकाच्या वाचकांना मी नव्यानं काय सांगू. सांगावा, मयताची वर्दी, मेलेलं ढोर, चावडीची झाडलोट. ढोरावर आपले लोक पुष्कळ लिहून गेले, आणि ते लिहायलाच पाहिजे होतं. लाकडावर मात्र कुणी फारसं थांबत नाही. ढोर कधीमधी मरायचं, लाकूड रोज फोडावं लागायचं. पाटलाचं, कुलकर्ण्याचं, चावडीच्या शेकोटीचं, लग्नाच्या पंगतीचं आणि मसणातलं. मोल काय, तर खळ्यावरचं बलुतं आणि सणाची उरलीसुरली भाकर. कुऱ्हाड आपली, दांडा आपला, पाठ आपली.

आता यातली गंमत बघा. आज्ज्याचा हात लागला की तांब्या बाटायचा. सावली पडली की माणूस बाटायचा. पण आज्ज्यानं फोडलेलं लाकूड सरळ चुलीत जायचं. त्याच्यावर पुरण शिजायचं, नैवेद्य दाखवला जायचा, आणि देव तो मुकाट खायचा. सुक्याला विटाळ नाही म्हणे! फारच शंका आली तर वरून पाण्याचा शिपका. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये मोळ्या घेऊन बामणआळीत जाणाऱ्या आपल्या आयाबायांची हकिगत लिहून ठेवलीय. मोळीला त्यांचा एखादा केस चिकटलाय का, ते आधी बघून घ्यायला लावायचे. म्हणजे लाकूड चालतं, लाकूड आणणारीचा केस चालत नाही.

हे शास्त्र कुणी केलं असेल? ज्याला लाकूड फोडायचं नव्हतं त्यानं. मी तर म्हणतो, विटाळ हा धर्म नव्हताच, तो हिशेब होता. जिथं आपल्या हातावाचून त्यांचं अडत होतं तिथं विटाळ होत नव्हता. पाणी त्यांच्या बायका भरू शकत होत्या, म्हणून पाण्याला विटाळ. बाभळीचा बुंधा त्यांच्यानं फुटत नव्हता, म्हणून लाकडाला नाही. यात वेद कुठं आला आणि पुराण कुठं आलं?

आणि वर काय म्हणणार, तर ही ढोरमेहनत, हिला अक्कल लागत नाही. बसा एकदा बाभळीसमोर. बुंध्याच्या तोंडावर केसाएवढी भेग असते, ती आधी हुडकावी लागते. तिथं कुऱ्हाडीचा घाव. भेग जराशी उघडली की पाचर. पाचर वाकडी बसली तर घणाच्या घावासरशी उडून नडगीवर येते. गाठ असली तर गाठीवर जायचं नाही, तिला वळसा घालून दोन्ही अंगानं पोखरत आणायचं. चिंचेच्या लाकडाला पीळ असतो. ते सरळ फुटतच नाही, त्याच्या कलानं घ्यावं लागतं. आमचा बाप म्हणायचा, "वली बाभळ आपुन फोडतू, वाळल्याली बाभळ आपल्याला फोडती." त्याच्या डाव्या डोळ्यात ढलपी गेली. तो डोळा अधू झाला तो झालाच. मालकानं त्या दिवसाची मजुरी पुरी दिली, याचंच कौतुक वखारीवर महिनाभर चाललं होतं. हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला असं मी कॉलेजात वाचलं. आमच्या वखारीवर त्या कायद्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

पण बापाच्या वखारीआधी आज्ज्याच्या कुऱ्हाडीचं काय झालं ते सांगतो, कारण मधली कडी लोक विसरतात. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचा १८७४ चा कायदा बदलायचं बिल आणलं होतं. ते तेव्हा पार पडलं नाही. १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पाठोपाठ आमच्याही वाड्यानं धम्म घेतला. आज्ज्यानं गावकीची काठी चावडीत ठेवून दिली आणि सांगितलं, "आता तुमचं तुमी फोडा." मग १९५८ चा कायदा आला, कनिष्ठ वतनं मोडीत निघाली. त्याच्याआधीच गावानं आपला कायदा काढला होता. पहिलं काय बंद केलं? सरपण. बांधावर पाय ठेवायचा नाही, वाळली काटकी उचलायची नाही, शेणाच्या पोवाला हात लावायचा नाही. घरात ज्वारी हाय पण चूल पेटवायला कायबी न्हाई, अशी गत. आज्जी सांगायची, घराच्या कुडातल्या तुरकाट्या उपसून भाकरी भाजल्या. गावाची चूल जन्मभर पेटती ठेवणाऱ्याच्या घरात कुड जाळून भाकर भाजली जात होती!

बलुतं गेलं, कुऱ्हाड मात्र राहिली. जमीन किती मिळाली, कुणाच्या नावावर चढली, तो वेगळा विषय, त्याला वेगळा अंक लागेल. बापानं कुऱ्हाड खांद्यावर टाकून तालुक्याची वखार गाठली. आई मोळीला जायला लागली. पहाटे निघायचं, दुपारी उन्हात चुंबळीवर मोळी घेऊन यायचं, बाजारात बसायचं. घेणारी बाई मोळीतली फाटी मोजणार, "वलं हाय गं" म्हणून चार आणे कापणार. जंगलात राखणदार कोयता काढून घेणार. आई त्याच्या लेखी चोर. इंग्रजानं १८७८ च्या कायद्यानं जंगलाला कुंपण घातलं. जंगल खात्यानं गरिबाची गुरंढोरं आणि लाकूडफाटा कसा अडवला ते जोतिबांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलं. साहेब गेला, कुंपण राहिलं. एका बाईच्या डोक्यावरच्या मोळीनं डोंगर बोडका होतो, असं व्याख्यान देणारे मी ऐकलेत. रात्रीचा ताडपत्री बांधून जाणारा ट्रक त्यांना दिसत नाही. रात्री ते झोपलेले असतात.

आता गॅस आला म्हणतात. आला ना. २०१६ ला उज्ज्वला आली, आमच्याही वाड्यात टाक्या आल्या. धुरानं बाईची छाती खराब होते हे खरंच आहे, माझ्या आईची झाली. मी चुलीची बाजू घेत नाही, ती त्या पाटीवाल्यांनी घेतलीय. पण २०२२ साली टाकीचा भाव हजाराच्या वर गेला तेव्हा आमच्या वाड्यातल्या टाक्यांवर काय होतं? एकीवर पाण्याची घागर, एकीवर देव्हाऱ्यासारखा बुद्धाचा फोटो. आणि खाली चूल पेटलेली. ज्याला परवडतो त्यानं धूर चवीसाठी घ्यायचा, आणि ज्याला परवडत नाही त्यानं छातीत घ्यायचा.

मसणातलं राहिलंच. एका माणसाला जाळायला आठेक मण लाकूड लागतं. बापानं वखारीत उभ्या जन्मात किती माणसांचं फोडलं असेल त्याचा हिशेब नाही. गावातल्या मोठ्या मोठ्या घरातली माणसं त्याच्या लाकडावर गेली. आणि आमच्या गावात मसणवटे आजही दोन. त्यांचा ओढ्याच्या अलीकडं, पत्र्याचं शेड, बसायला कट्टा. आमचा पलीकडं, पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुडवून जायचं. बाप गेला तेव्हा पाऊस होता. शेड रिकामं होतं. विचारायला गेलो तर सरपंच म्हणाला, "आपापली जागा हाय की रं बाबा." त्या शेडात रचून ठेवलेलं लाकूड बापानंच फोडलेलं होतं.

ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. २०१५ ला त्यात दुरुस्ती झाली. मढं किंवा मेलेलं जनावर ओढायला लावणं, खड्डा खणायला लावणं, हे त्यात नाव घेऊन लिहिलं. चांगलं झालं. लाकडाचं नाव त्यात नाही. वेठबिगारीत बसतं, असं वकील सांगतात. पण गावात वेठ आता वेठ म्हणून कुणी मागत नाही. "जरा एवढा बुंधा फोडून दे रं, तुला च्या पाजतू," असं म्हणतात. आपले नोकरीतले काही बंधू यावर म्हणतात, हे कशाला उकरून काढतोस, पोरं शिकली, कुऱ्हाडी टाका नि शहरात या. शहरात येऊन काय करू, ते सांगत नाहीत.

माझा धाकटा भाऊ आज त्याच वखारीवर आहे. यंत्राची करवत आली, ती बुंधा आडवा कापते. उभा फोडायला माणूसच लागतो. मजुरी वजनावर. आणि इथंच खरी मेख आहे. ताज्या तोडीच्या लाकडात तिसरा हिस्सा तरी पाणी. मालक शेतकऱ्याकडून घेताना ओल म्हणून तूट कापतो. भावानं फोडलेल्याचं वजन मात्र थप्पी महिनाभर उन्हात वाळल्यावर करतो. दहा क्विंटल फोडलं की सात भरतं. तीन क्विंटलची मजुरी उन्हानं खाल्ली म्हणायची. आणि मसणात विकताना पावसाळ्यात भिजलेल्या लाकडाचं वजन जसंच्या तसं लावतो. मयताच्या घाईत ओल कोण बघतंय? ओल तीच. तीन ठिकाणी तिचा हिशेब तीन तऱ्हेचा, आणि तिन्ही वेळा पैसा एकाच खिशात.

भावानं विचारलं तर मालक म्हणाला, पूर्वीपासनं असंच आहे. हे 'पूर्वीपासनं' आमच्या ओळखीचं आहे.

तेव्हा सात जणांनी मिळून ठरवलंय. फोडायच्या आधी काटा, मग कुऱ्हाड. काट्याची चिठ्ठी फोडणाऱ्याच्या हातात. येत्या बाजारच्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन वखारीच्या दारात बसायचं, आणि चिठ्ठी मिळेपर्यंत एक ढलपी पाडायची नाही. बाहेरचे फोडणारे आणून काम करून घेतील अशी भीती आहे. ते बाहेरचेही आपलेच असणार, शेजारच्या तालुक्यातले, म्हणून हा अंक तिकडंही पाठवतोय. ज्याला यायचंय त्यानं सकाळी आठच्या आत यावं. त्यानंतर ट्रक खाली होतो.