परदेशी विद्यार्थी आणि आपली प्रमाणपत्रे

आपल्या कित्येक सभासदांकडे परदेशी विद्यार्थी पंचकर्म शिकावयास येतात. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी-व्हिसावरील परदेशी विद्यार्थ्यास शिकवावयाचे, तर २००० सालच्या कायद्यानुसार संस्था व अभ्यासक्रम या दोहोंची 'क्रिकॉस' या सरकारी पटावर नोंद लागते. आयुर्वेदही त्यास अपवाद नाही. संस्था मध्येच बंद पडल्यास अन्यत्र प्रवेश अथवा उर्वरित शुल्काचा परतावा, अशी सोयही २०१२ पासून आहे. आपल्यातील काही जण मात्र पंधरा दिवसांत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र हाती ठेवतात! त्याने बस्ती देण्याचा अधिकार मिळत नाही, हे त्यावर छापलेले नसते. आमच्या मते, सभासदांनी हे शुल्क घेण्यापूर्वीच लेखी कळवावे. काही प्रवेश घटतील, ते घटोत. औषधशाळांच्या वर्गांनाही हाच नियम असावा.