आधी डोंगर, मग समुद्र

बालीच्या ईशान्य टोकाला तुलांबेन गाव आहे. किनारा काळ्या, गुळगुळीत गोट्यांचा. मागे सुमारे ३,००० मीटर उंचीचा आगुंग ज्वालामुखी उभा आहे, त्याच्याच पोटातून आलेले हे दगड. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घरंगळतात आणि बटाट्याचं पोतं रिकामं केल्यासारखा आवाज होतो. रबरी बूट घालूनही पाय मुरगळेल की काय असं वाटत राहतं. गावातल्या बायका मात्र डोक्यावर हवेचे सिलिंडर घेऊन याच गोट्यांवरून झपाझपा जातात. त्यांच्याकडे बघत मी पहिल्या दिवशी कितीतरी वेळ नुसती उभी होते.

माझी भाची आणि मी तिथे पाच दिवस राहिलो. ती ॲडव्हान्स्ड डायव्हर, तिची मर्यादा ३० मीटर. मी वयाच्या ५२व्या वर्षी ओपन वॉटर कोर्स पुरा केलेली, मला १८ मीटरच्या खाली जायचं नाही. त्याआधी माझ्या गाठीला होतं ते मालवणला केलेलं ‘स्कुबा’, तेही इन्स्ट्रक्टरने धरून नेलेलं. अशा दोघींना एकाच समुद्रात काय मिळणार, ही शंका घरून निघताना होती. ती पहिल्याच सकाळी फिटली.

काठापासून पोहत जाण्याच्या अंतरावर ‘लिबर्टी’ नावाची अमेरिकी मालवाहू बोट बुडालेली आहे. लांबी सुमारे १२० मीटर. जानेवारी १९४२मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. दोन विनाशिका तिला ओढत सिंगाराजा बंदराकडे नेत होत्या, पण पाणी फार शिरलं आणि तिला तुलांबेनच्या काठालाच लावावं लागलं. २१ वर्षं ती तिथेच होती. मग १९६३मध्ये आगुंग फुटला. हजाराहून अधिक माणसं गेली. त्याच उद्रेकात बोट काठावरून सरकून समुद्रात गेली. आज ती उतारावर आडवी पडलेली आहे, वरची कड ५ मीटरच्या आसपास आणि तळ ३० मीटरच्या जवळ. पोहता पोहता वरून बघणारा, पहिल्यांदाच बुडी मारणारा आणि शेकडो बुड्या झालेला, तिघांनाही तीच बोट.

ज्वालामुखीच्या बेटांवर हे जमतं, कारण डोंगर पाण्याच्या रेषेशी थांबत नाही. त्याचा उतार तसाच खाली जातो. सपाट किनाऱ्यावर खोली गाठायला होडीने लांब जावं लागतं, इथे काठावरून चालत पाण्यात शिरलं की पायाखालचा तळ लगेच उतरायला लागतो. पण हीच सोय धोक्याचीही आहे. उतारावर नजर खाली खेचली जाते, आणि नवशिक्याला कळायच्या आत मनगटावरचा खोलीचा आकडा २० ओलांडतो. आमचा गाइड दर दोन मिनिटांनी माझा आकडा बघायचा. गाइड असाच असावा.

पहाटे आम्ही एकत्र उतरलो आणि भाची दुसऱ्या गाइडबरोबर खाली गेली. मी १२ मीटरवर होते. बोटीच्या लोखंडावर इतकं प्रवाळ चढलंय की तोफेचा गाडा कुठला आणि दगड कुठला, ते सांगावं लागतं. कपाळावर टेंगूळ असलेले मोठाले पोपटमासे रात्री या बोटीच्या आडोशाला झोपतात. उजाडताना त्यांचा थवा माझ्या डोक्यावरून गेला. पलीकडच्या काळ्या वाळूत बारीक वाम माना बाहेर काढून डुलत होत्या. जवळ गेलं की सगळ्या एकदम आत. वर आल्यावर भाची म्हणाली, “मावशी, खाली मजा आली, पण रंग तुझ्याकडेच जास्त होते गं.” खरंच आहे ते. पाणी आधी लाल रंग गिळतं. शिवाय १० मीटरवर दाब दुप्पट होतो, तर ३० मीटरवर चौपट, त्यामुळे तिथे हवाही १० मीटरवरच्या दुप्पट वेगाने संपते. मी तिच्याहून बराच जास्त वेळ पाण्यात होते. किती खोल गेलात, हे मोठेपण मिरवायचं कारण नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. आमच्या सहलीच्या कागदावर दुपारी दोन बुड्या आणि त्याच रात्री बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय बघायची चढाई, असं छापलेलं होतं. बातूरचा माथा १,७१७ मीटरवर आहे. गाइडने कागद बघितला आणि सरळ नाही म्हणाला. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. तो हळूहळू श्वासावाटे जायला वेळ लागतो. तेवढा वेळ न देता उंचावर गेलं, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे आखडतात, मज्जारज्जूला इजा होऊ शकते. विमानाचा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा, की एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये. डोंगराचा विचार मात्र कुणी करत नाही. हवा विरळ झाली की झाली, विमानात असो वा पायवाटेवर. बाली असो की दुसरं कुठलं ज्वालामुखीचं बेट, तिथे समुद्रसपाटी आणि दीड-दोन हजार मीटरची उंची यांत गाडीने दोन-अडीच तासांचंच अंतर असतं, म्हणून ही चूक तिथेच सहज होते.

यंदा तुमच्या घरातलं कुणी बालीला निघालं असेल, तर त्यांचा कार्यक्रम आजच मागून घ्या आणि दिवसांचा क्रम तपासा. डोंगर आधी, समुद्र नंतर, आणि परतीच्या विमानाआधीचा एक अख्खा दिवस कोरडा.