आधी कातडी बघा, मग ताट

पाऊस ओसरू लागला की माळशेज घाटाच्या वाटेवरच्या टोकावड्यात आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांत एक दृश्य हमखास दिसते. अंगणाच्या कोपऱ्यात बसलेले कुत्रे मागच्या पायाने कान खाजवत असते. शेपटीच्या बुडाशी केस गेलेले असतात, कानांच्या कडांवर खपल्या धरलेल्या असतात. घरची माणसे म्हणतात, लूत लागली. त्याच रस्त्यावर शहरातल्या एखाद्या कुटुंबाचे फार्महाऊस असते आणि तिथल्या लॅब्राडोरलाही खाज सुटलेली असते. तिथे तिचे नाव ‘फूड ॲलर्जी’ होते. गावठी कुत्र्याच्या अंगाला गाडीचे जळके ऑईल फासले जाते, लॅब्राडोरसाठी महागडे खाद्य मागवले जाते. महिन्याभराने दोघेही तसेच खाजवत असतात, कारण निदान दोघांचेही झालेले नसते.

खाज हा आजार नाही, ते लक्षण आहे. त्यामागे पिसवा, लुतीचे किडे, जिवाणू, बुरशी, हवेतले परागकण किंवा धूळ यांची ॲलर्जी आणि अन्नाची ॲलर्जी, यांपैकी काहीही असू शकते. यातले अन्न हे कारण सर्वांत शेवटी तपासायचे असते. कारण ते तपासायला सर्वांत जास्त दिवस लागतात आणि बाकीची कारणे दूर केल्याशिवाय त्या तपासणीला अर्थ राहत नाही. आज मात्र घडते ते उलटे. खाज दिसली की आधी कोंबडी बंद, मग अंडे बंद, मग दूध बंद होते. पिसवा अंगावर तशाच राहतात आणि कुत्रे उगाच अर्धपोटी राहते.

पहिली तपासणी घरच्या घरी होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडापासून पाठीचे केस विंचरावेत आणि फणीत अडकलेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावा. कागदावर त्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा आहे; तांबडा रंग कुत्र्याच्याच रक्ताचा. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते. अशा कुत्र्याला मोजक्या पिसवा चावल्या तरी ते अंग ओरबाडून घेते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा थोड्याच असतात. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष जमिनीत, पेंढ्यात, कुत्रे झोपते त्या गोणपाटात असतात. म्हणून औषध कुत्र्याला आणि सफाई त्याच्या झोपायच्या जागेची, दोन्ही एकाच वेळी झाले तरच उपयोग होतो.

दुसरी शंका लुतीची. लूतही एक नसते. एक प्रकार त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा असतो. त्यात कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट यांवर खपल्या येतात, खाज रात्रंदिवस चालते आणि वाडीतली इतर कुत्रीही खाजवू लागतात. कुत्र्याला जवळ घेणाऱ्या मुलांच्या हातांवर आणि पोटावर पुरळ उठू शकते. माणसाच्या अंगावर हे किडे टिकून वाढत नाहीत, पण कुत्र्यावर उपचार होईपर्यंत त्रास पुन्हा पुन्हा होत राहतो. दुसरा प्रकार केसांच्या मुळांशी राहणाऱ्या किड्यांचा. तो बहुधा लहान पिलांत किंवा अशक्त कुत्र्यांत दिसतो, केस चकत्यांनी जातात, खाज सुरुवातीला कमी असते. हा प्रकार माणसाला लागत नाही, इतर मोठ्या कुत्र्यांनाही सहसा नाही. तरीही दोन्हींची रवानगी एकाच ठिकाणी होते, घराबाहेर.

फरक ओळखायला डॉक्टर त्वचा पात्याने हलकेच खरवडतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काचपट्टी, तेलाचा थेंब आणि काही मिनिटे एवढेच त्याला लागते. एक मात्र लक्षात ठेवायला हवे. बिळे करणारा किडा अशा तपासणीत अनेकदा सापडत नाही. लक्षणे जुळत असतील तर किडा दिसला नाही तरी लुतीचा उपचार करून पाहणे हेच शहाणपणाचे ठरते.

या टप्प्यावर दोन घातक घाई होतात. पहिली जळक्या ऑईलची. त्यात इंधनाचे घटक आणि जड धातू असतात. कुत्रे अंग चाटते आणि ते पोटात जाते. शेतात फवारायचे औषध अंगावर ओतणे हा तर विषबाधेलाच आवतण देण्याचा प्रकार आहे. दुसरी घाई इंजेक्शनची. स्टेरॉइड टोचले की खाज थांबते आणि मालक समाधानाने घरी जातो. पण स्टेरॉइड खाज दाबते, कारण काढत नाही. लूत किंवा जंतुसंसर्ग असेल तर शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि आजार आतून बळावतो. काही दिवसांनी खाज परत येते, तीही पहिल्यापेक्षा वाईट. स्टेरॉइडला उपचारात स्वतःची जागा आहे, पण ती निदानानंतर. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची सवयही तितकीच धोक्याची आहे. मेंढ्या राखणाऱ्या कॉलीसारख्या जातींत एक जनुकीय दोष आढळतो, त्यामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकते. आणि मात्रा चुकली तर कोणत्याही कुत्र्याला विषबाधा होते.

पिसवा गेल्या, लूत नाही, त्वचेवरचा जंतुसंसर्ग आणि कानातली बुरशी यांवर उपचार झाले, तरी बाराही महिने खाज आहे. कान वारंवार चिघळतात, पंजे चाटून लालसर होतात, शौचाच्या जागेभोवती खाज आहे, अधूनमधून जुलाब किंवा उलटी होते. असे असेल तर मग अन्नाकडे वळावे. इथेही समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. ॲलर्जी नव्या, परक्या अन्नाचीच येते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा महिनोन्‌महिने खाल्लेल्या प्रथिनाची येते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत गोमांस 34 टक्के, दूध व दुधाचे पदार्थ 17 टक्के, कोंबडी 15 टक्के आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना बाधला होता. तांदूळ यादीत अगदी खाली होता. या नोंदी मुख्यतः परदेशातल्या कुत्र्यांच्या आहेत. मुरबाड-शहापूरच्या घरांत कुत्र्याच्या वाट्याला येते ते दूध, चपाती, कोंबडीचे पाय आणि मुंडकी. म्हणजे यादीतल्या गोमांसानंतरच्या तिन्ही गोष्टी इथे रोजच्याच आहेत. तांदळाची भाकरी आणि भात मात्र बहुतेकदा निर्दोष असतात.

ही ॲलर्जी शोधायला रक्ताची किंवा लाळेची भरवशाची चाचणी नाही. अशा चाचण्या विकल्या जातात, पण निरोगी कुत्र्यालाही त्या ॲलर्जीचे शिक्के मारतात. खात्रीचा मार्ग एकच. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढेच आठ आठवडे द्यायचे. कोंबडीवर वाढलेल्या आणि मासळी कधी न चाखलेल्या कुत्र्याला उकडलेली मासळी आणि रताळे चालू शकतात. सुकटीवर वाढलेल्याला ते चालणार नाहीत. पाच आठवड्यांत बहुतेक कुत्र्यांना आराम दिसतो, आठ आठवड्यांत दहातल्या नऊहून अधिक ॲलर्जीग्रस्त कुत्र्यांत फरक कळतो. त्यानंतर जुने अन्न मुद्दाम परत सुरू करायचे. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत खाज परतली, तरच निदान पक्के. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ऋतू बदलल्याने गेलेल्या खाजेचे श्रेय नव्या खाद्याला मिळते.

गावात हे अवघड आहे, हे मान्य करायला हवे. इथले कुत्रे साखळीला नसते. ते शेजारच्या ओट्यावर जाते, लग्नाच्या पंगतीमागे फिरते, रस्त्यालगतच्या ढाब्यावर हाडे चघळते. मुलांनी टाकलेले एक बिस्कीटही आठ आठवड्यांची मेहनत वाया घालवते. म्हणूनच अन्नाची तपासणी पहिली नव्हे, शेवटची असावी. जी गोष्ट घराला सर्वांत कठीण जाणार, ती सोप्या गोष्टी संपल्यावरच मागावी. आणि दोन्ही तपासण्यांतून काही निघाले नाही, तर उरते ती हवेतल्या घटकांची ॲलर्जी. ती बरी होत नाही, आयुष्यभर सांभाळावी लागते. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये ती अधिक दिसते. विकत घेण्याआधीच हे कळले, तर पुढे कुत्रे घाटात सोडून देण्याची वेळ येणार नाही.

गुरांचे डॉक्टर कुत्र्यांमागे कुठे लागतील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो पोकळ नाही. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांचा भार असतो. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत बैलाचे दात, खूर, कातडी निरखून पाहणारा शेतकरी स्वतःच्या कुत्र्याकडे तसे पाहत नाही, कारण कुत्र्याला बाजारभाव नाही. सरकारी भाषेतही शब्द ‘पशुधन’ आहे आणि कुत्रा त्या धनात मोजला जात नाही. पण रात्री गोठ्याजवळ बिबट्याची चाहूल लागली की पहिले भुंकते ते कुत्रेच. त्याची लूत घरातल्या मुलांच्या अंगावर येते आणि हाकलून दिलेले आजारी कुत्रे रेबीजच्या लसीकरणातूनही सुटते.

मागणी मोठी नाही. तालुक्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक असावा आणि खाजवणाऱ्या कुत्र्याला सुई टोचण्याआधी त्याची त्वचा खरवडून पाहिली जावी, हा साधा नियम व्हावा. रेबीज लसीकरणाची शिबिरे भरतात तिथेच गोचीड, पिसवा आणि लुतीची औषधे वजनानुसार देता येतील. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी परळला 1886 मध्ये सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथवर जाण्याची वेळ शंभरातल्या मोजक्या कुत्र्यांवर यावी. बाकीच्यांची खाज गावातच ओळखता येते. त्यासाठी मालकाने कुत्र्याचे ताट हिसकावण्याआधी फणी हातात घ्यायला हवी.