हुकूमशाहीचा हिशेब

इराकी दिग्दर्शक हसन हादी यांच्या ‘द प्रेसिडेंट्स केक’ला 2025 मध्ये कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचे पारितोषिक मिळाले. कथा 1990 च्या दशकातली. सद्दाम हुसेन यांच्या वाढदिवसाचा केक करून आणण्याची चिठ्ठी वर्गात नऊ वर्षांच्या लामियाच्या नावाने निघते. आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे अंडी, पीठ, साखर दुर्मिळ. पण हुकूम तो हुकूम. हुकूमशाही मुलापर्यंत पोहोचते ती भाषणांतून नव्हे, घरातल्या रिकाम्या डब्यांतून, हे या चित्रपटाने अचूक ओळखले आहे.

मराठीत याच्या जवळचा चित्रपट म्हणजे मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ (2012). आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलांचे भावविश्व त्यात तरलपणे आले आहे. त्यास राष्ट्रीय पारितोषिक लाभले ते यथायोग्यच. तथापि त्यातील आणीबाणी मोठ्यांच्या बोलण्यात राहते. मध्यमवर्गीय घरात ती बहुधा तशीच शिरली असेल.

याच कथेचा नायक मेहकर वा लोणार तालुक्यातला, 1972 च्या दुष्काळातून नुकताच सावरलेल्या शेतमजुराचा मुलगा असता तर? देशात 1975-76 मध्ये सुमारे 26 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्याच वर्षी हा आकडा 81 लाखांवर गेला. तो फुगला कसा, हे शहा आयोगाच्या अहवालात आहे. शिक्षक व कनिष्ठ कर्मचारी यांना ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे दिली गेली आणि ती पूर्ण न झाल्यास ठिकठिकाणी वेतन अडवले गेले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत जानेवारी 1976 मध्ये माणसे रस्त्यावरून धरून नेण्यात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मात्र त्यास मिळाली नाही.

म्हणजे गुरुजींच्या घरची चूल विद्यार्थ्याच्या बापावर अवलंबून राहिली. सकाळी पाढे म्हणवून घेणारा माणूस संध्याकाळी ‘केस’ मागत ओट्यावर आला, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वर्गात मान वर कशी करावी? आणि गुरुजींनी तरी? गुरुजींना खलनायक ठरवणे सोपे आहे. महिनाअखेरचे वाणसामान त्यांनाही आणायचे होते.

ती मुले आता साठीच्या आसपास आहेत. पटकथाकाराला इराकपर्यंत जाण्याचे कारण नाही. बुलढाण्याहून निघणारी एस. टी. पुरेशी आहे.