कोणता माणूस?

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. पुस्तकात ‘माणसाचा स्वभाव असा असतो’ असं वाक्य आलं की हल्ली मुलांना मुद्दाम विचारते, कोणता माणूस? शोधायला गेलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात शिकणारा अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी.

जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकेतल्या सहा प्रमुख नियतकालिकांमधलं पाच वर्षांचं संशोधन तपासलं. सहभागींपैकी ६८ टक्के अमेरिकेतले आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. सामाजिक मानसशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात तर अमेरिकन नमुन्यांपैकी ६७ टक्के नमुने नुसत्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे होते. कारण साधं आहे. विद्यार्थी हाताशी असतात आणि स्वस्त पडतात. तिथे अनेक विद्यापीठांत प्रयोगात भाग घेतल्याचे गुण मिळतात. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला दुसरा पर्याय द्यावा लागतो, बहुधा काहीतरी वाचून लिहायचं. अर्धा तास बटणं दाबायची की निबंध लिहायचा, हे कुठल्याही विद्यार्थ्याला विचारून बघा! सही असते, संमती असते, पण ती किती मनापासून असते?

तरी माझी मुख्य तक्रार ही नाही. या विद्यार्थ्यांवरून जे नियम काढले जातात, ते पुढे सगळ्या जगाचे होतात, ही आहे.

एक उदाहरण घ्या. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. काहींना सांगितलं होतं की लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, त्याने स्वतः निवडलेली नाही. तरीही वाचणाऱ्यांना वाटलं की ते थोडंफार त्याचं स्वतःचंच मत असणार. परिस्थिती विसरून वागण्याचं खापर माणसाच्या स्वभावावर फोडायचं, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत’ चूक म्हटलं. मूलभूत, म्हणजे सगळ्यांचीच.

पुढे १९८४ मध्ये जोन मिलर यांचा अभ्यास आला. शिकागोतल्या आणि आपल्या म्हैसूरमधल्या लोकांना त्यांनी ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणं विचारली. शिकागोची प्रौढ माणसं स्वभावाकडे बोट दाखवत होती, म्हैसूरचे हिंदू प्रौढ नात्यांकडे आणि परिस्थितीकडे. आठ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र फारसा फरक नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे ही सवय बऱ्याच अंशी भोवतालच्या समाजातून शिकलेली. आमच्या घरी कुणी उधारी थकवली तर अम्मीचा पहिला प्रश्न असतो, ‘घरात कुणी आजारी आहे का?’

पण आपण सगळे असेच समजूतदार आहोत, असंही नाही. आपल्या माणसाची अडचण आपल्याला दिसते, परक्याचा फक्त ‘स्वभाव’ दिसतो. मोहल्ल्यातल्या एका पोराने सिग्नल तोडला की ‘त्यांची मानसिकताच तशी’ हे मी किती वेळा ऐकलं आहे! अशा बोलण्याला ‘मनुष्यस्वभाव’ म्हटलं की बोलणारा सुटतो. शिकलेली सवय आहे म्हटलं, तर ती मोडायची जबाबदारी त्याच्यावर येते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

कुणी म्हणेल, २०१८ मध्ये ३६ देश-प्रदेशांतून २८ प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्यात जागेनुसार फार फरक दिसला नाही. खरं आहे, आणि ती दिलाशाची गोष्ट आहे. पण त्यातलेही पुष्कळ नमुने विद्यापीठांतलेच होते. दोन देशांतले विद्यार्थी एकमेकांसारखे निघाले, म्हणून शेतमजूर बाईही तशीच, हे कसं म्हणायचं?

विद्यार्थ्यांवर प्रयोग करू नका, असं मी म्हणत नाही. माझं मागणं छोटं आहे. मराठी पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रयोगाखाली एक ओळ छापा: कुठे झाला, कधी, कुणावर.