कोंडाण्याच्या लेण्यात भाषेचे भांडण

वाचकहो, दिवाळी अंकात आमच्याकडून फराळाच्या गप्पांची अपेक्षा असते, हे आम्ही जाणून आहो. पण यंदा सांगायचे आहे ते एका भांडणाचे.

आमचा भाचा आणि त्याची बायको, दोघेही संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. दोघांनी नोकऱ्या सोडून स्वतःचा धंदा काढला आहे. गाठीला आठ महिन्यांचा खर्च. तेवढ्यात काम उभे राहिले पाहिजे. आणि अडले आहे ते कशावर, तर कोणत्या भाषेत लिहावे यावर! कर्जतला गाडीतून उतरल्यापासून, कोंदिवडे मागे पडून रानातली वाट लागली तरी हाच विषय.

"मामा, हिला समजावा. पायथन घेतली तर निम्म्या वेळात काम होतं."

"आणि उरलेला निम्मा चुका शोधण्यात जातो, तेही सांग मामांना!"

आमच्यासारख्या अडाण्यासाठी सूनबाईंनी डबे काढले. जावासारख्या भाषेत प्रत्येक डब्यावर आधी चिठ्ठी हवी: यात साखरच. मीठ भरू गेलात तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच हटकतात. पायथन, रुबी यांच्या डब्यांना चिठ्ठी नाही. आज साखर, उद्या रवा. हात झपाट्याने चालतो, पण मीठ पडल्याचे कळते ते चहा तोंडाला लावल्यावर! शिवाय चिठ्ठ्या असल्या म्हणजे लिहिण्याचे साधनही शहाणे होते. पुढचा शब्द सुचवते, एक नाव बदलले की शंभर ठिकाणी बिनचूक बदलते. भाच्याचे म्हणणे, एक ओळ लिहून तिथल्या तिथे उत्तर घेण्याची सोय पायथनला पहिल्यापासून. जावाला ती मिळाली २०१७ साली.

निम्म्या वेळाची गोष्ट त्याने मनची सांगितली नव्हती. लुट्झ प्रेशेल्ट या जर्मन संशोधकाने २००० साली सात भाषांतले ८० प्रोग्रॅम ताडून पाहिले. काम सर्वांना एकच. पायथन, पर्ल वगैरेंत वेळ फार तर निम्मा लागला, लांबीही निम्मी भरली.

"पण त्या लोकांनी आपला वेळ आपणच सांगितला होता," सूनबाई म्हणाल्या. "आणि माणसामाणसांतला फरक भाषाभाषांतल्या फरकाइतकाच, किंबहुना मोठा निघाला, ते?"

भाचा गप्प झाला. एवढ्यात चैत्यगृह आले. लाकडी घरांच्या तुळया, सज्जे, जाळ्या कारागिरांनी दगडात जशाच्या तशा उतरवल्या आहेत. दगडाला तुळईची गरज ती काय? पण हाताची सवय! डावीकडे भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मीत कोरले आहे, की कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. दोन हजार वर्षे झाली त्याला.

सूनबाई बराच वेळ त्या दगडी तुळयांकडे पाहत होत्या. "मी पायथन लिहायला घेतली तर तीही जावासारखीच लिहीन. दहा वर्षांची सवय. आठ महिन्यांत ती मोडायची कोणी, हे ठरवू या आधी."

खरा प्रश्न हाच होता, आणि तो घरी कोणी काढला नव्हता. शेवटी पायथन ठरली. मात्र चिठ्ठ्या लावायच्या. २०१५ पासून पायथनमध्ये तीही सोय आहे, ऐच्छिक. भाच्याने लिहायचे, सूनबाईंनी चिठ्ठ्या तपासल्याखेरीज काही पुढे जायचे नाही. भाच्याला हे फारसे रुचलेले दिसले नाही, पण त्याने मान हलवली.

कर्जत स्टेशनावर बटाटेवडे घेतले. ते निवेपर्यंत दोघे लिहिण्याचे साधन कोणते घ्यावे यावर भांडत होते.