‘बरी झालीस ना आता?’

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. घरात पेढे वाटले. आठवड्याभरात सासूबाई म्हणाल्या, “बरी झालीस ना आता? मग पिठाचा डबा तेवढा उतरव.” डबा काही उचलवेना. पुढे त्या हाताच्या बांगड्याही चढेनात.

काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. सूज दिसताच दाखवलं, शिकवलेले व्यायाम केले, तर ती आटोक्यात राहते. हे तिला कळलं ते हात सुजल्यावर! शिवाय अनेकींना हार्मोनची गोळी पाच-पाच, कधी दहा वर्षं घ्यावी लागते. अंगातून वाफा येतात, झोप उडते. थकवा तर महिनोन् महिने जात नाही. पण केस परत आले की लोकांच्या लेखी बाई ठणठणीत.

एका अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने हा कॅन्सर झाला. त्यातल्या बऱ्या होणाऱ्या कितीतरी जणी अशाच दुखऱ्या हाताने चुलीपाशी उभ्या असतील.

आजारात किती मजुरी बुडाली असं विचारलं, की नवरा स्वतःचे खाडे सांगतो. तिचे कोण मोजणार? सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. जे काम कामच मानलं नाही, ते बुडालं तरी दिसणार कसं? म्हणून मला वाटतं, दवाखान्यातून घरी सोडताना नुसती फाईल देऊ नये. नवऱ्याला नि सासूला समोर बसवून सांगावं, हिला काय झेपेल, काय नाही.

दुसऱ्यांना काय बोलू, मीही चुकले. पापडांच्या हंगामात मी तिला परस्पर वगळलं. “तू आराम कर गं,” म्हटलं. दया दाखवली, पण तिच्या कर्जाचा हप्ता काही थांबला नव्हता. महिन्याने ती म्हणाली, “ताई, लाटता येत नाही मला, मोजता तर येतं ना?”

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून वजन आणि हिशेबाची वही तिच्याकडे आहे. परवा तिने माझीच तीस रुपयांची चूक काढली.